बोअरच्या पाण्याचे पांढरे थर आणि जुनं घर : काय कशानं पुसावं?

बोरीकाठ
राम राम मंडळी. अमळनेरचं जुनं घर दिवाळीच्या आत आवरायचं आहे. ओसरीत मोझेक, माजघरात शहाबादी, स्वैपाकघरात कडप्प्याचा ओटा, न्हाणीत पांढऱ्या टाइल आणि चकचकीत नळ. देव्हारा आणि झोपाळा सागवानी, झोपाळ्याच्या कड्या पितळी. एक कपाट नवं, सनमायकाचं. पाणी बोअरचं, त्यामुळे न्हाणीपासून ओट्यापर्यंत पांढरा थर. कामाला येणारा माणूस म्हणतो, फरशीचं अ‍ॅसिड आणा, एका दिवसात सगळं लख्ख करतो. आणू का?

पारोळ्याना भाऊ
आनू नका ताई. अ‍ॅसिड दगड खाई जास.

फरशीवाला धुळे
भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. कारण देतो, म्हणजे त्या माणसाला समजावता येईल.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे तेही बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच. संगमरवर तसाच. मोझेकमध्ये तर संगमरवराची खडी सिमेंटात बसवलेली असते. जे थर विरघळवतं ते खालची फरशीही विरघळवतं, अ‍ॅसिडला दोन्हींतला फरक कळत नाही. अ‍ॅसिड टाकल्यावर जो फेस येतो त्याला लोक ‘मळ निघतोय’ म्हणतात. त्यातला बराचसा फेस फरशीचा असतो.

अ‍ॅसिडनं धुतलेली शहाबादी त्या दिवशी स्वच्छ दिसते, पण वरची गुळगुळीत कातडी गेलेली असते. मग पाय पुसले तरी डाग, चहा सांडला तरी डाग. आणि दरवर्षी पुन्हा अ‍ॅसिड.

घरातला दगड कुठला हे कळत नसेल तर कोपऱ्यात, कपाटाखाली दिसणार नाही अशा जागी लिंबाच्या रसाचा थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसून तिरप्या उजेडात बघा. जागा निस्तेज झाली असेल तर चुनखडी. ग्रॅनाइटवर किंवा जोत्याच्या काळ्या पाषाणावर असं सहसा होत नाही.

बोरीकाठ
म्हणजे लिंबू, व्हिनेगर, चिंच हेही फरशीला नको?

फरशीवाला धुळे
शहाबादी, कडप्पा, कोटा, मोझेक, संगमरवर यांना आंबट काहीही नको. ओट्यावर लिंबू पिळलं, कैरी चिरली, ताकाचं भांडं ठेवलं तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा. कडप्प्यावर भांड्याच्या बुडाचे गोल पांढुरके डाग दिसतात त्यांतले अर्धे डाग नसतातच, आंबटानं खाल्लेल्या जागा असतात. त्या कितीही घासा, जाणार नाहीत, कारण काढायला तिथे काही उरलेलंच नाही.

आता करायचं काय ते.

आधी कोरडं झाडा, नीट. आपल्याकडची धूळ काळ्या मातीची, तिच्यात बारीक कच असते. न झाडता ओलं पोतेरं फिरवलं की तोच चिखल फरशीभर घासला जातो आणि पॉलिश मरतं.

मग 10 लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन छोटे चमचे, जास्त नाही. जास्त साबण घातला तर तो बोअरच्या पाण्यातल्या क्षाराशी मिळून चिकट पापुद्रा बनवतो, आणि त्यावर धूळ आणखी बसते. मऊ ब्रशनं घासा, घाण पाणी वायपरनं ओढा, साध्या पाण्यानं दोनदा पुसा. शेवटी कोरड्या सुती फडक्यानं फरशी सुकवा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. पाणी फरशीवर वाळू दिलं की पाणी उडतं, क्षार मागे राहतो.

बसलेल्या थरासाठी: जाड थर प्लास्टिकच्या खरवडणीनं किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं तिरपा धरून उचला. उरलेला 400 नंबरच्या पाणपेपरनं (ओला वापरायचा बारीक घासकागद), पाणी घालून, हलक्या हातानं. पॉलिश केलेल्या फरशीवर आधी कोपऱ्यात करून बघा. चकाकी कमी झाली तर 600, 800, 1000 असं चढत जावं लागेल, आणि मोठ्या जागेला ते हातानं होत नाही, मशीनवाला लागतो.

गिरणामाई
ओट्यावर तेलाचे डाग असतील तर? आमच्याकडे काळ्या मसाल्याची तर्री सांडली की दगड तेल पिऊनच बसतो.

फरशीवाला धुळे
लेप लावा. शंखजिरे (काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं) किंवा खडूची भुकटी घ्या, त्यात नेलपेंट काढायचं अ‍ॅसिटोन घालून दह्याइतकं दाट कालवा. डागाच्या बाहेर बोटभर येईल असा अर्धा सेंटीमीटर जाड थर द्या. वर प्लास्टिक ठेवून कडा चिकटपट्टीनं बंद करा. 24 तास तसंच. मग प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण कोरडा होऊ द्या. तेल वर ओढलं जातं ते लेप वाळताना, त्यामुळे ओला असतानाच खरवडला तर मेहनत फुकट. जुना डाग दोन-तीन लेप घेतो. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं: गॅसची टाकी बंद, खिडक्या उघड्या, पिलट (गॅस गीझरची सतत जळणारी बारीक ज्योत) जळत नाही ना ते बघा.

आणि एक आगाऊ सांगून ठेवतो. कडप्पा काळा दिसावा म्हणून खोबरेल चोळायची पद्धत आहे. चार दिवस छान दिसतो, मग त्यावर धूळ बसते आणि तेल खवट होतं. त्यापेक्षा दगडात मुरणारं सीलर. पण ते आता नको. पावसाळ्यानंतर दगडात ओल असते, सीलरखाली ती कोंडली की ढगाळ डाग येतात. चैत्र-वैशाखात, फरशी खडखडीत वाळलेली असताना लावा. लागतं की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाका. दहा मिनिटांत दगड काळपट झाला तर लागतं.

क्षारमोजणी
न्हाणीचं मी सांगतो, तिथे नियम वेगळा.

चकाकीच्या टाइलची वरची काच आम्लाला टिकते, पण टाइलमधली सिमेंटची भर टिकत नाही. नळांवर क्रोमचा मुलामा असतो, तो फरशीच्या अ‍ॅसिडनं खड्डे पडून जातो. फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याची वाफसुद्धा लोखंडी बिजागऱ्या आणि गीझरची बॉडी गंजवते, शेजारच्या खोलीतलीही.

इथे लिंबूफूल वापरा, किराणा दुकानात मिळतं तेच, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण 25 ते 30 ग्रॅम. टाइलच्या सांध्यांवर आधी साधं पाणी मारून ते भिजवा, म्हणजे सांधा आम्ल कमी पितो. मग स्पंजनं टाइलवर लावा, 10 मिनिटं थांबा, घासा, भरपूर पाण्यानं धुवा. नळाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं 15 मिनिटं गुंडाळा, जास्त नाही. शॉवरची चाळणी काढून भांड्यात अर्धा तास बुडवा. थर जाड असेल तर पुन्हा करा. एका फटक्यात काढायला द्रावण कडक करू नका.

तारेची घासणी नळाला किंवा स्टीलच्या सिंकला लावायची नाही. लोखंडी तार असेल तर तिचे कण अडकून तिथेच गंजाचे ठिपके येतात, आणि लोक म्हणतात स्टील गंजलं.

महत्त्वाचं: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि कुठलंही आम्ल एकत्र होऊ द्यायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो. संडास साफ करायचं निळं लिक्विडही बहुतेक आम्लच असतं, तेही ब्लीचबरोबर नको. आधी एक, भरपूर पाणी, दुसरं दुसऱ्या दिवशी.

गिरणामाई
व्हिडिओत दाखवतात ते व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून?

क्षारमोजणी
फेस छान येतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, उरतं किंचित खारट पाणी. थराला व्हिनेगर एकटं, तेलकटपणाला सोडा एकटा.

सोड्याचंही एक बघा: ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना धुण्याचा सोडा लावला की काळ्या पडतात. त्यांना फक्त साबणाचं पाणी. खालच्या पट्टीतली माती आधी ब्रशनं काढा आणि पाणी जायची भोकं मोकळी करा.

बोरीकाठ
हे सगळं लिहून घेतलं. आता देव्हारा आणि झोपाळा. देव्हाऱ्याच्या वरच्या भागावर समईच्या धुराचा चिकट काळा थर आहे. झोपाळ्याच्या फळीवर एक पांढरं वर्तुळ आणि दोन काळे डाग आहेत. कुणी म्हणतं जवसाचं तेल लावा.

सातपुडा सुतार
थांबा, तेल आत्ता नको. लाकडावर काय आहे ते आधी बघू.

मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा थेंब लावा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). आणि थेंब सरळ आत शोषला गेला तर लाकूड उघडं आहे. जुन्या देव्हाऱ्यांवर बहुधा चपडाच निघतो. अशा लाकडावर सॅनिटायझर सांडू देऊ नका, त्यात स्पिरिट असतं, पॉलिश ओघळतं.

धुराचा थर: सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करून, पिळून, छोट्या छोट्या जागी पुसा. टर्पेंटाइननं धुराची तेलकटी निघते आणि चपड्याला धक्का लागत नाही. कोरीव नक्षीत जुना टूथब्रश. फडकं काळं झालं की बदला. समई विझवून, दार उघडं ठेवून करा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पांढरं वर्तुळ म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल. गरम कप ठेवला की होतं. त्यावर सुती कापडाची दुहेरी घडी ठेवा आणि इस्त्री अगदी मंद करून पाच-पाच सेकंद टेकवा. प्रत्येक वेळी उचलून बघा. बहुतेक वेळा जातं.

काळा डाग वेगळा. तिथे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात गेलंय आणि खिळ्या-कडीचं लोखंड सागातल्या टॅनिनशी मिळालंय. तो घासून जात नाही. त्या भागाचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावावं लागतं: अर्धा लिटर गरम पाण्यात दोन छोटे चमचे, ब्रशनं फक्त डागावर नाही तर पूर्ण फळीवर, नाहीतर फिकट चट्टा पडतो. 20 मिनिटांनी साध्या पाण्यानं दोन-तीनदा पुसून काढा. दोन दिवस सावलीत वाळू द्या. ही पावडर विषारी आहे, हातमोजे घाला, आणि वाळल्यावर लाकूड घासताना नाकावर रुमाल हवाच.

जवसाच्या तेलाचं: चपड्यावर किंवा पीयूवर ते आत जातच नाही, वर चिकट बसतं आणि काळ्या मातीची धूळ ओढतं. उघड्या लाकडावरच लावायचं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं, ‘बेलतेल’ म्हणून मागा. खाण्याचं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं. शेंगदाण्याचं आणि खोबरेल तर वाळतच नाही. पहिला हात बेलतेल आणि टर्पेंटाइन समभाग. 15-20 मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, अगदी कोरडं. 24 तासांनी दुसरा, मग तिसरा, पातळच. हे तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होतं, उडून जात नाही. म्हणून जाड हात दिला की महिनोन्महिने चिकट.

आणि त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. तेल घट्ट होताना उष्णता निघते, गोळ्याच्या आत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच 40-42 अंशांवर असते, तेव्हा तर आणखीच. फडकं उलगडून बाहेर दगडावर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

देव्हाऱ्याला, पॉलिश शाबूत असेल तर, फक्त मेण: मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग. मेण गरम पाण्यातल्या वाटीत वितळवा, आचेपासून लांब नेऊन टर्पेंटाइन ढवळा. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. नखाएवढं घेऊन चोळा, अर्ध्या तासानं सुक्या फडक्यानं घासा.

बोरीकाठ
झोपाळ्याच्या खोलीचं दार पावसापासून अडतंय. सुतार रंधा मारतो म्हणतो.

सातपुडा सुतार
आत्ता अजिबात नाही. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. श्रावणात अडणारं दार वैशाखात दोन-तीन मिलिमीटर फट दाखवतं. आत्ता रंधा मारला तर उन्हाळ्यात त्या फटीतून लू आत येईल. कार्तिकापर्यंत थांबा, कडेला मेणबत्ती घासा. तरी अडलं तर मग रंधा, आणि छिललेल्या कडेला लगेच पॉलिश. कच्ची कड सोडली तर पुढच्या पावसात तिथूनच पाणी पितं.

उलटंही ऐका. मे महिन्यात दाराच्या दिल्ह्यात (खाचेत बसवलेल्या मधल्या फळीत) भेग दिसली म्हणून पुट्टी किंवा एम-सील भरू नका. दिल्हा खाचेत मोकळा हलायला हवा. कडक भर बसली की पावसाळ्यात फुगायला जागा नाही, मग दिल्हा तरी फुटतो नाहीतर चौकटीचा सांधा उघडतो.

पारोळ्याना भाऊ
दार खालनी बाजूले अडस का वरनी, ते पन देखा. काळी जमीन पावसाळाम्हा फुगस, उन्हाळाम्हा फाटस. भिंत हालस तवय चौकट तिरपी व्हस. मंग दार छिलीसन काय फायदा? भिंतवर तिरपी भेग शे का?

सातपुडा सुतार
भाऊंचा मुद्दा बरोबर. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जात असेल तर सुतार नको, गवंडी बोलवा.

बोरीकाठ
भेग नाही, दार वरच्या कडेला कुलपाच्या बाजूनं अडतं.

सातपुडा सुतार
मग वरची बिजागरी बघा. स्क्रू सैल झाला की दार पुढे लोंबतं आणि वरचा कोपरा चौकटीला लागतो. लांब स्क्रू घाला, किंवा जुन्या भोकात फेविकॉल लावलेली सागाची काडी ठोकून तोच स्क्रू पुन्हा. रंध्याचं कामच उरणार नाही कदाचित.

रावेर केळी
सनमायकाच्या कपाटाबद्दल कुणी बोललं नाही. ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लवकर बिघडतं. सनमायकाला काही होत नाही, होतं ते कडांना. खाली फरशी धुताना पाणी प्लायच्या किंवा एमडीएफच्या कडेत गेलं की फुगते, आणि फुगलेली कड परत बसत नाही. पायाखाली अर्ध्या इंचाच्या रबरी गुट्ट्या द्या. कूलरचा झोत थेट कपाटावर नको, उन्हाळाभर ओली हवा त्याच कडेला लागते.

हळदीचा डाग सनमायकावर पडला तर आधी सोडा किंवा साबण घासू नका, लाल होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड 3 टक्के, औषधाच्या दुकानातलं, कापूस भिजवून 15 मिनिटं ठेवा. गडद रंगावर आधी आतल्या बाजूला बघा. पांढऱ्या सनमायकावर दोन-तीन दिवस उन्हाचा कवडसा येत असेल तर हळद तशीच फिकी पडते.

आणि दिवाळीला केळीचे खुंट दाराशी बांधाल, चीक गळेल. ताजा असतानाच थंड पाणी आणि साबण. हवेनं तपकिरी झाला की फरशीच्या सांध्यातून आणि सोफ्याच्या कापडातून पूर्ण निघत नाही, पेरॉक्साइडनं फिका होतो इतकंच. सोप्पं म्हणजे खुंटाचा कापलेला बुडखा प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

गिरणामाई
पितळी कड्यांना चिंच-मीठच ना?

क्षारमोजणी
हो, पण कड्या काढून, मोझेकपासून लांब, प्लास्टिकच्या टबात. चिंचेचं पाणी ओसरीवर सांडलं तर वर फरशीवाल्यांनी सांगितलेलंच होईल. आधी नव्या कड्यांवर लॅकर आहे का ते बघा. नखानं पारदर्शक पापुद्रा निघाला तर चिंच लावू नका, फक्त साबण.

लिंबाएवढी चिंच कपभर गरम पाण्यात कोळून एक चमचा मीठ. चोळा, पाच मिनिटं, धुवा. रात्रभर भिजवलं तर पितळेतलं जस्त निघून पृष्ठभाग गुलाबी पडतो. धुतल्यावर अर्धी बादली पाण्यात एक चमचा खायचा सोडा टाकून त्यात बुडवून काढा. आम्ल राहिलं तर आठवड्यात सांध्यांत हिरवं येतं. मग कोरडं पुसून सुतारभाऊंचंच मेण, आणि आकड्याला, जिथे धातू धातूवर फिरतो तिथे, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. कडी झिजून मूळ जाडीच्या दोन तृतीयांश झाली असेल तर चमकवत बसू नका, बदला.

बोरीकाठ
शेवटचं विचारते. ऑक्झॅलिकचं उरलेलं पाणी कुठे ओतायचं? मोरी शहाबादीची आहे.

क्षारमोजणी
मोरीत नको, झाडाच्या आळ्यातही नको. प्लास्टिकच्या बादलीत त्यात भिजवलेला चुना, पानाला लावतात तोच, थोडाथोडा ढवळत घाला. पांढरा गाळ खाली बसतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेट, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. घालत राहा, जोवर नवा गाळ धरणं थांबत नाही तोवर. वरचं पाणी हळदीनं रंगवलेल्या कागदावर टाकून बघा, कागद लालसर झाला म्हणजे आम्ल संपलं. ते पाणी मग भरपूर साध्या पाण्याबरोबर संडासात. गाळ हातमोजे घालून पिशवीत बांधून कचऱ्यात, गुरांच्या आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा. बादली पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नका.